लाल गोळीत लोहाबरोबर आणखी काय असते? डॉ. ल्युसी विल्स आणि गिरणगावातील गरोदर स्त्रिया

गरोदरपणाचा चौथा महिना लागला की उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून लाल गोळ्या मिळतात. आपल्याकडे त्यांना ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ किंवा ‘लोहाच्या गोळ्या’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या एका गोळीत दोन औषधे असतात: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. लोह कशासाठी, हे बहुतेक जणींना माहीत असते. फॉलिक अ‍ॅसिड कशासाठी, याचे उत्तर मात्र तपासणीला आलेल्या दहापैकी एखादीच देते.

या दुसऱ्या औषधाचा शोध मुंबईत, परळला सुरू झाला. शोध घेणाऱ्या डॉक्टर इंग्रज होत्या. ज्या स्त्रियांच्या आजारातून तो लागला, त्या मुंबईतील गरीब वस्त्यांमधल्या, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या होत्या. त्या काळी गिरणी कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला असे. संगमेश्वर तालुक्यातही असे घर शोधावे लागेल, ज्यातले कुणीच कधी परळ-लालबागला राहिले नाही. म्हणून डॉ. ल्युसी विल्स यांची ओळख इथल्या वाचकांना करून द्यावीशी वाटली.

वनस्पतीशास्त्रातून वैद्यकाकडे

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घरचा व्यवसाय विळे-कोयत्यांसारखी धारदार अवजारे बनवण्याचा. वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील डॉक्टर. पैशांची ददात नव्हती आणि मुलींनी शिकावे असे घरच्यांना वाटत होते. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. तिथे वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण केंब्रिज तेव्हा स्त्रियांची परीक्षा घेई, रीतसर पदवी देत नसे. ती द्यायला त्या विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिले.

१९१४ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउनच्या रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. आपल्या डॉ. रखमाबाई याच संस्थेच्या विद्यार्थिनी, विल्स यांच्या पंचवीसेक वर्षे आधीच्या. विल्स १९२० मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये राहिल्या आणि गरोदरपणात शरीरातील रासायनिक क्रिया कशा बदलतात, यावर काम करू लागल्या.

१९२८: परळ

मुंबईत तेव्हा बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती. त्यामागची कारणे शोधण्यासाठी एक चौकशी सुरू झाली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर या भारतात दीर्घकाळ काम केलेल्या स्त्री डॉक्टरांनी विल्स यांना त्यासाठी बोलावून घेतले. कामाची जागा होती हाफकिन इन्स्टिट्यूट. प्लेगची लस बनवण्यासाठी १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सुरू झालेली ही प्रयोगशाळा. तिच्या चारी बाजूंना गिरण्यांची धुराडी आणि चाळी होत्या.

वर्षही साधे नव्हते. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतील स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी सवलत द्यावी, असे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि १९२९ मध्ये कायदा झाला. गरोदर कामगार स्त्रीच्या तब्येतीकडे सरकारदरबारी लक्ष जाऊ लागले होते. तिच्या रक्तात काय बिघडते, हे मात्र अजून कुणाला नीट कळलेले नव्हते.

विल्स यांना ज्या आजाराचा छडा लावायचा होता, तो असा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे. दोन पावले चालली तरी धाप लागे, पायांवर सूज येई. काही जणी बाळंत होण्याआधीच जात, काही बाळंतपणानंतर लगेच. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की लाल पेशी संख्येने फारच कमी दिसत, आणि ज्या असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या.

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. लोह कमी पडते तेव्हा लाल पेशी लहान आणि फिकट होतात. पेशीत भरायचे हिमोग्लोबिनच तयार होत नाही, म्हणून पेशी खुजी राहते. विल्स यांच्या रुग्णांमध्ये उलटे होते. पेशी मोठ्या होत्या, म्हणजे हिमोग्लोबिन भरायला माल होता, पण पेशींचे विभाजन अडले होते. अशा बाईला लोह कितीही दिले तरी तिचे रक्त पुरेसे सुधारत नाही.

यकृताचे कोडे

मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय तेव्हा डॉक्टरांना माहीत होता. त्याला ‘पर्निशियस अ‍ॅनिमिया’ म्हणत. तो बहुधा वयस्कर माणसांना होई आणि जीवघेणा होता. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवले की रोज भरपूर यकृत खाल्ले तर हे रुग्ण वाचतात. यकृतातील तो गुण ज्यामुळे होता, ते ब-१२ जीवनसत्त्व हाती लागायला १९४८ उजाडले.

मुंबईतील गरोदर स्त्रियांचा आजार हाच असावा, असा समज होता. त्याला नावही ‘गरोदरपणातील पर्निशियस अ‍ॅनिमिया’ असेच दिलेले होते. विल्स यांनी तपासले तेव्हा दोन गोष्टी जुळेनात. खऱ्या पर्निशियस अ‍ॅनिमियात जठरातील आम्ल बंद झालेले असते, या स्त्रियांमध्ये ते व्यवस्थित होते. दुसरे म्हणजे, यकृताचा साधा, कच्चा अर्क दिला तर या स्त्रिया सुधारत. पण कारखान्यात शुद्ध केलेला, पर्निशियस अ‍ॅनिमियावर हमखास चालणारा अर्क दिला तर काही फरक पडत नसे. म्हणजे कच्च्या यकृतात आणखी काहीतरी होते, आणि शुद्ध करताना नेमके तेच निघून जात होते.

निदान चुकीचे आहे, एवढे यावरून सिद्ध झाले. बरोबर काय, ते अजून शोधायचे होते.

ताटात काय आहे?

विल्स यांच्या कामातील हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. जंतुसंसर्ग हे कारण आहे का, हे तपासून झाल्यावर त्यांनी मुंबईतील वेगवेगळ्या थरांतील स्त्रिया रोज काय खातात आणि कशा घरांत राहतात, याची पाहणी केली. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांवर मेहता आणि तळपदे या मुंबईकर सहकाऱ्यांची नावे आहेत. अनोळखी इंग्रज डॉक्टरला चाळीतील बाई आपल्या घरातील डाळ-भाजीचा खरा हिशोब सांगेल, हे इथल्या माणसांच्या मदतीशिवाय शक्य झाले नसते.

पाहणीत चित्र स्पष्ट दिसले. ज्यांचा आहार सर्वात निकृष्ट, त्यांच्यात हा रक्तक्षय सर्वाधिक. मुंबईत हे दुर्दैव सर्वात जास्त गरीब मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला आले होते. ज्यांना खायला बरे मिळे, त्यांच्यात, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत, हा आजार क्वचित दिसे. आजार जातीधर्माचा नव्हता, ताटाचा होता.

मग त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना या स्त्रियांसारखाच आहार दिला. गाभण उंदरांना रक्तक्षय झाला आणि पिल्ले होण्याआधीच त्या मेल्या. आहारात यीस्ट मिसळले की त्या वाचत. पुढे काही उंदरांमध्ये उवांमार्फत पसरणारा दुसराच एक संसर्ग असल्याचे लक्षात आले, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे धरता येईनात. विल्स यांनी मग माकडांवर तोच प्रयोग केला. माकडांमध्येही तसाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला आणि योग्य आहाराने तो बराही झाला.

या काळात त्या एका जागी बसून नव्हत्या. १९२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी काम नीलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हलवले, १९३१ च्या सुरुवातीला काही काळ मद्रासच्या रुग्णालयात काढला. मधल्या उन्हाळ्यांत त्या लंडनला जाऊन तिथल्या प्रयोगशाळेत हेच काम पुढे नेत.

मार्माइट

यीस्ट उपयोगी पडते, हे प्राण्यांत दिसले होते. आता ते माणसांना द्यायचे होते. विल्स यांनी निवडले मार्माइट. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून बनवलेला हा काळा, दाट, खारट पदार्थ इंग्लंडमध्ये १९०२ पासून पावाला लावून खाल्ला जातो. यकृताच्या अर्काच्या मानाने तो खूपच स्वस्त होता. ज्या बाईला रोजची भाजी परवडत नाही तिला महागडे इंजेक्शन लिहून देऊन उपयोग काय, हा विचार त्यामागे होता.

गंभीर रक्तक्षय झालेल्या गरोदर स्त्रियांना मार्माइट दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या लाल पेशी दिसू लागल्या, पाठोपाठ हिमोग्लोबिन चढले, आणि दम लागून पडून असलेल्या बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

यीस्टमधील तो पदार्थ कोणता, हे विल्स यांना सांगता येत नव्हते. तोवर माहीत असलेल्या जीवनसत्त्वांपैकी तो नाही आणि शुद्ध यकृत अर्कातीलही नाही, हे मात्र त्यांनी पुढच्या काही वर्षांत पक्के केले. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला. पानातून मिळाला म्हणून, पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून, त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड ठेवले. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळमध्ये सुरू झालेला शोध असा एका भारतीयाच्या प्रयोगशाळेत गोळीच्या रूपाला आला.

आणि लोह?

विल्स यांचे नाव फॉलिक अ‍ॅसिडशी जोडले गेले, म्हणून त्यांनी लोहाकडे दुर्लक्ष केले असे समजू नका. १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनला आल्या, तेही विमानाने. समुद्रावर उतरणाऱ्या त्या विमानाला साउदम्प्टनहून इथे यायला पाच दिवस लागले. दुसऱ्या महायुद्धात त्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होत्या. जुलै १९४४ मध्ये त्या रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला, माणसे मेली, प्रयोगशाळेचे काम काही दिवस विस्कळीत झाले आणि पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या आणि तिथला पहिला रक्तविकार विभाग त्यांनी उभा केला होता.

याच काळात लंडनमध्ये त्यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. युद्धात सगळ्यांना ठरावीक रेशन मिळत असताना गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनचे काय होते, आणि त्यांना सरसकट लोह दिल्याने काय फरक पडतो? हा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे लाल गोळीतील दोन्ही घटकांवर या एका बाईने काम केले होते. भारत सरकारने गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड एकत्र देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू केला, तेव्हा विल्स हयात नव्हत्या.

१९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन आहार आणि रक्तक्षयाचे काम करत राहिल्या. लग्न केले नाही. सायकलवरून कामाला जात. शेवटची काही वर्षे लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. २६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

भारतात आज गरोदरपणातील रक्तक्षयाचे सर्वात मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एका गरोदरपणाला एकूण साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागते. बाळ, वार आणि आईचे वाढलेले रक्त यांत ते जाते. रोजच्या जेवणातून एवढे मिळणे अवघड असते, म्हणून गोळी. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस.

पण गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर ‘अजून लोह द्या’ एवढेच पुरेसे नसते. अशा वेळी डॉक्टरांना संपूर्ण रक्तपेशी गणना, म्हणजे सीबीसी, करायला सांगा आणि त्यातील ‘एमसीव्ही’ हा आकडा विचारा. हा लाल पेशीचा सरासरी आकार. ८० पेक्षा कमी असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाची वाहक अवस्था असू शकते. १०० पेक्षा जास्त असेल तर फॉलिक अ‍ॅसिड किंवा ब-१२ कमी असण्याची शक्यता असते. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दोन्ही कमी असतील तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघून आकडा चक्क नॉर्मल येतो. म्हणून रक्ताची काचेवरची तपासणीही महत्त्वाची. पूर्ण शाकाहारी असाल, दूध-दहीही फारसे घेत नसाल, तर ब-१२ तपासून घ्या. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंचे नुकसान चालूच राहते.

हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे गरोदरपणातील रक्तक्षय. ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र. अशा वेळी घरी गोळ्या खात थांबू नका, रुग्णालयात जा. शिरेतून लोह किंवा रक्त देण्याची गरज पडू शकते. बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधड, अंगावर वाढती सूज ही लक्षणे असतील तर आकड्याची वाटही पाहू नका.

फॉलिक अ‍ॅसिडचे आणखी एक काम विल्स यांच्या नंतर कळले. बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचेच माहीत नसते. त्या काळात फॉलिक अ‍ॅसिड पुरेसे असेल तर मणका उघडा राहण्याचा दोष मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९१ च्या एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. त्यामुळे मूल हवे असे ठरले की लगेच रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधे चालू असतील तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गोळीने मळमळते, शौचास काळे होते, पोट जड राहते, म्हणून अनेक जणी चार दिवसांत गोळ्या बंद करतात. काळे शौच हे लोहाचेच लक्षण आहे, घाबरू नका. रात्री जेवणानंतर घेतली की मळमळ बऱ्याच अंशी कमी होते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत लाल गोळी घेऊ नका. कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लिंबू-पाणी किंवा आवळा सोबत असेल तर लोह चांगले शोषले जाते. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या चॉकलेटसारख्या दिसतात आणि जास्त खाल्ल्या तर मुलाच्या जिवावर बेततात.

जेवणाचे म्हणाल तर पावसाळ्यात आपल्याकडे परड्यात आणि माळावर जे उगवते, त्यातच बरेच काही आहे. टाकळा, शेवग्याचा पाला, चवळीची पाने यांतून फॉलिक अ‍ॅसिड मिळते. मात्र ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्यास नष्ट होते. पालेभाजी उकडून पाणी फेकून देण्याची सवय असेल तर ती मोडा. कुळीथ, मूग, मटकी मोड आणून खा. मासे, मटण यांतील लोह शरीर सहज घेते. यकृत मात्र गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळलेले बरे, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असते. लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी वावरणाऱ्यांना आकडेकृमी होऊ शकतात आणि ते आतड्यातून रोज रक्त पितात. म्हणून दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी दिली जाते, ती चुकवू नका.

एक गोष्ट राहिली. मुंबई-पुण्याहून पहिल्या बाळंतपणासाठी संगमेश्वर-देवरुखकडे माहेरी येणाऱ्या मुलींच्या गोळ्या नेमक्या सातव्या महिन्यानंतर बंद पडतात. तिकडच्या केंद्रातील संपलेल्या असतात, इकडे नाव नोंदलेले नसते. येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत आणा आणि आल्या आठवड्यातच माहेरच्या उपकेंद्रात नोंद करा. बाळंतपणानंतरही आणखी १८० दिवस हीच गोळी रोज घ्यायची असते. सासरी परत जाताना महिन्याभराच्या तरी सोबत घेऊन जा.